‘पुढे कुठेतरी थांबू’ थारमध्ये चालत नाही! वाळवंटातल्या रस्त्यावर सकाळचा चांगला नाश्ता कसा शोधायचा?

पुण्याहून कोल्हापूरला निघालं की नाश्त्याची कुणी फारशी काळजी करत नाही. “निघूया तर खरं, पुढे कुठेतरी थांबू,” असं म्हणून गाडी सुरू होते आणि भूक लागली की दहा मिनिटांत मिसळीची पाटी दिसतेच. हीच सवय घेऊन राजस्थानच्या वाळवंटात गेलेल्यांची मात्र पंचाईत होते. जोधपूरहून जैसलमेरला निघालं की तासाभरात दुकानं विरळ होतात, दोन्ही बाजूंना खेजडीची झाडं आणि वाळू सुरू होते. अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात आणि जी पहिली टपरी दिसते तिथे कालचे थंड वडे समोर येतात.

वाळवंटात पोट बिघडणं ही नुसती गैरसोय नसते. ऊन कडक, पुढचं मोठं गाव लांब आणि दवाखाना त्याहून लांब. म्हणून थारच्या सहलीत नाश्ता कुठे करायचा हे आदल्या रात्री ठरवावं लागतं. त्यासाठी कुठल्याही ‘फेमस’ हॉटेलचं नाव पाठ असण्याची गरज नाही. कढई कधी चढते, गावातले लोक कुठे खातात आणि कुठला पदार्थ किती वेळ टिकतो, एवढं कळलं तरी पुरतं.

वाळवंटात नाश्ता शोधणं वेगळं का?

पहिलं कारण म्हणजे माणसंच कमी. २०११ च्या जनगणनेनुसार जैसलमेर जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १७ लोक राहतात. पुणे जिल्ह्यात हाच आकडा ६०३ आहे. माणसं कमी म्हणजे गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी म्हणजे हॉटेलं कमी. जी आहेत त्यातल्या अनेकांकडे माल हळूहळू खपतो. हळू खपणारा माल म्हणजे बराच वेळ पडून राहिलेला माल.

दुसरं कारण म्हणजे तापमान. जैसलमेरच्या रस्त्यावरच्या फलोदी गावात १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा की शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यात दुकानातली उघडी परात दिवसभर याच पट्ट्यात असते.

तिसरं कारण पाणी. जैसलमेरमध्ये वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. इंदिरा गांधी कालव्यामुळे बराच फरक पडला असला, तरी पश्चिम राजस्थानात अनेक ठिकाणी भूजल खारं आहे. पाणी जपून वापरावं लागतं, आणि प्लेटा-ग्लास कसे धुतले जातात यावर त्याचा परिणाम होतो.

इथला नाश्ता तळलेलाच का असतो?

मारवाडात सकाळी टपरीवर दिसतं ते म्हणजे कचोरी, मिर्ची बडा, समोसा, कुठे जलेबी आणि सोबत चहा. अलीकडे पोहेही बऱ्याच ठिकाणी मिळतात. आपल्याला वाटतं, सकाळी सकाळी एवढं तेलकट कसं खातात? पण त्यामागे वाळवंटाचं गणित आहे.

इथे ताजी भाजी पूर्वी फारशी मिळत नसे. पिकायची ती बाजरी, मूग, मोठ आणि गवार. झुडपांवरची केर आणि खेजडीच्या शेंगा म्हणजे सांगरी वाळवून वर्षभर पुरवायची. थारपारकर आणि राठी या इथल्याच गायी, त्यामुळे दूध, तूप आणि ताक मात्र भरपूर. साहजिकच डाळी, बेसन, सुके मसाले आणि तूप-तेल यांवर सगळं खाणं उभं राहिलं. कचोरीत मुगाची डाळ, हिंग, बडीशेप आणि धणे. मिर्ची बड्यात मोठी हिरवी मिरची, तिच्यात बटाट्याचं सारण आणि वरून बेसनाचं जाड आवरण.

तळण्याचा एक फायदाही आहे. उकळतं पाणी १०० अंशांपर्यंत तापतं, तळणीचं तेल मात्र त्याच्या बरंच वर जातं. कढईतून नुकताच निघालेला पदार्थ म्हणूनच अनोळखी रस्त्यावर बऱ्यापैकी सुरक्षित ठरतो. यातला कळीचा शब्द आहे ‘नुकताच’. तीच कचोरी चार तासांनी तशी राहत नाही.

घड्याळ आधी, नकाशा नंतर

जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला आहे, पण घड्याळ सगळ्या देशाचं एकच. त्यामुळे जानेवारीत तिथे सूर्य साडेसातनंतर उगवतो. उन्हाळ्यात मात्र सहाच्या आधीच लख्ख उजाडतं. दुकानांच्या वेळाही उजेडाबरोबर सरकतात. थंडीत सहा वाजता निघालात तर अंधार, बंद टपऱ्या आणि रस्त्यावर बसलेली गुरं एवढंच भेटेल. नीलगायी आणि उंटही अचानक आडवे येतात. कालव्याच्या भागात कधी कधी दाट धुकं असतं. म्हणून थंडीत उजाडल्यावर निघणं आणि उन्हाळ्यात लवकर निघणं सोयीचं.

कढई चढल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास ही नाश्त्याची खरी वेळ. सकाळी सात-साडेसात ते दहा या वेळात गिऱ्हाईक सतत येतं, त्यामुळे एकामागून एक घाणे निघत राहतात. अकरानंतर गर्दी ओसरते, कढईखालचा जाळ कमी होतो आणि परातीत उरलेला माल दुपारपर्यंत तसाच राहतो. संध्याकाळी चारच्या सुमारास पुन्हा कढई चढते. मधल्या वेळात पोहोचलात तर तळलेल्या पदार्थांपेक्षा तव्यावरची गरम रोटी-भाजी बरी.

बायपास सोडा, गावात शिरा

गेल्या काही वर्षांत वाळवंटातले महामार्ग रुंद झाले आणि बऱ्याच गावांना बायपास आले. नकाशा तुम्हाला गावाबाहेरूनच नेतो. पण सकाळची कढई सहसा बायपासवर नसते. ती असते जुन्या बसस्टँडजवळ, बाजाराच्या तोंडाशी किंवा गावाच्या फाट्यावर, कारण तिचं रोजचं गिऱ्हाईक तिथे असतं. शाळेत निघालेले शिक्षक, बसची वाट पाहणारी माणसं, दुकान उघडायच्या आधी चहा घेणारे व्यापारी, मोटरसायकलला कॅन बांधलेले दूधवाले. हे लोक रोज तिथेच खातात. कालचा माल त्यांना एकदा खपवता येईल, रोज नाही. गावात शिरून बाहेर पडायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण ती वसूल होतात.

‘जिथे ट्रक उभे असतात तिथे खा’ असं आपण नेहमी ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. ट्रकचालक थांबण्याची जागा बघताना गाडी लावायला मोकळं मैदान, खाट आणि अंघोळीला पाणी बघतात. त्यांचं मुख्य जेवण दाल-रोटी, तेही बहुतेक रात्री. म्हणून रात्रीच्या जेवणाला ट्रकची रांग ही चांगली खूण आहे. सकाळच्या नाश्त्याला मात्र गावातल्या मोटरसायकली मोजा.

चांगली टपरी ओळखायच्या ७ खुणा

१. कढई समोर आणि पेटलेली. आतून कुठूनतरी प्लेट येत असेल तर पदार्थ कधी तळला ते कळत नाही.

२. परात अर्धी रिकामी. डोंगरासारखा रचलेला माल फोटोत छान दिसतो, पण तो लवकर संपत नाहीये असाही त्याचा अर्थ असतो.

३. तेलाचा रंग. सोनेरी किंवा हलकं तपकिरी चालेल. काळं, घट्ट, फेसाळणारं आणि डोळ्यांना झोंबणारा धूर सोडणारं तेल दिसलं की पुढे चला. तेल खूपदा तापवलं की त्यात घातक घटक वाढतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून त्यावर मर्यादा घातली आहे. टपरीवर ते मोजायचं यंत्र नसतं, पण नाक आणि डोळे असतात.

४. पदार्थ मोजकेच. दोन-तीन पदार्थ करणाऱ्याचा माल फिरता राहतो. सकाळी आठ वाजता छोले-भटुऱ्यापासून नूडल्सपर्यंत सगळं मिळणाऱ्या एकट्या ढाब्यावर काहीतरी कालचं असण्याची शक्यता जास्त.

५. कागद किंवा पानावर वाढणं. जिथे पाणी कमी आहे तिथे एकाच बादलीत बुचकळलेल्या स्टीलच्या प्लेटपेक्षा द्रोण किंवा कोरा कागद चांगला. मात्र छापील वर्तमानपत्रात गरम कचोरी घेऊ नका, शाई पदार्थाला लागते. आपला डबा पुढे केला तर कुणी नाही म्हणत नाही.

६. पैसे घेणारा आणि पदार्थ देणारा वेगळा. निदान देताना चिमटा, झारा किंवा कागद वापरणारा.

७. चहा सतत उकळतोय. थर्मासमधून ओतलेला चहा म्हणजे गर्दी कमी असल्याची खूण.

आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे विचारणं. “भाईसा, अभी गरम क्या निकल रहा है?” एवढा एक प्रश्न पुरतो. मारवाडात वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसांनाही ‘सा’ लावून आदराने बोलतात. असं विचारलं की दुकानदार बहुतेक वेळा स्वतःच सांगतो, “दो मिनट रुको, बडा उतर रहा है.” ती दोन मिनिटं थांबा.

काय तिथेच खायचं, काय बांधून घ्यायचं?

सगळ्या कचोऱ्या सारख्या नसतात, आणि हा फरक प्रवासात फार कामाला येतो.

प्याज कचोरी आणि मिर्ची बडा यांचं सारण ओलं असतं. कांदा आणि उकडलेला बटाटा गरम हवेत लवकर खराब होतात. हे दोन्ही कढईतून निघाल्यावर तिथेच खायचे. ‘दुपारी खाऊ’ म्हणून गाडीत ठेवायचे नाहीत. बंद गाडी उन्हात किती तापते ते वेगळं सांगायला नको.

मोगर कचोरीत मुगाच्या डाळीचं परतून कोरडं केलेलं सारण असतं. ती त्या मानाने टिकते आणि त्याच दिवशी वाटेत खायला चालते. बिकानेरी भुजिया तर टिकण्यासाठीच प्रसिद्ध आहे. मोठाचं पीठ आणि बेसन यांपासून होणाऱ्या या शेवेला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नुसती भुजिया आणि चहा हाही वाळवंटात वाईट नाश्ता नाही.

जोधपूरची मावा कचोरी पाकात बुडवलेली असते, पण आत खवा असतो. खपाच्या दुकानातूनच घ्या आणि उन्हाळ्यात बांधून नेऊ नका.

सकाळी खरी जपायची ती चटणी. कचोरी गरम असते, चटणी नसते. हिरवी चटणी कच्च्या पाण्यात वाटलेली आणि उघड्या भांड्यात ठेवलेली असू शकते. चिंच-गुळाची उकळलेली चटणी किंवा लसणाची कोरडी लाल चटणी तुलनेने बरी. आधीच चिरून ठेवलेला कांदा आणि घट्ट ताजं नसलेलं दहीही टाळा.

ताकाचा मोह वाळवंटात आवरत नाही आणि आवरूही नये. फक्त खुल्या माठातल्या ताकात कुठलं पाणी घातलंय ते कळत नाही. राजस्थानच्या सहकारी दूध संघाच्या ‘सरस’ या ब्रँडच्या बंद पिशव्या शहरांत आणि मोठ्या गावांत मिळतात, त्या घेता येतात.

एखाद्या गावात बाजरीची राब किंवा सोगरा मिळाला तर नक्की खा. सोगरा म्हणजे मारवाडातली जाड बाजरीची भाकरी. मराठी माणसाला ती चव घरचीच वाटेल. राब म्हणजे ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ. पोटाला हलकी असते आणि तेलकट खाल्ल्यावर जी सुस्ती येते ती तिने येत नाही.

तीन रस्ते, तीन हिशेब

जोधपूर ते जैसलमेर, सुमारे २८० किलोमीटर. आगोलाई, बालेसर, देचू या गावांवरून रस्ता पोखरणला जातो. पोखरण जोधपूरपासून साधारण १७० किलोमीटरवर. इथे दोन पर्याय आहेत. पहिला, जोधपुरातच सात-साडेसातला मिर्ची बडा किंवा कचोरी खाऊन निघायचं. दुसरा, चहावर निघून बालेसरच्या आसपास थांबायचं. हा भाग दगडखाणींचा आहे आणि खाणीवर जाणारी माणसं सकाळीच खाऊन निघतात. पोखरण आपल्याला १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे माहीत असतं, पण राजस्थानी माणूस तिथे चमचम घ्यायला थांबतो. तिथे पोहोचेपर्यंत साडेदहा-अकरा होतात, म्हणून पोखरणला पहिल्या नाश्त्यावर नाही, गोडावर आणि चहावर ठेवलेलं बरं.

बिकानेर ते जैसलमेर, सुमारे ३३० किलोमीटर. हा रस्ता कोलायत, बाप, फलोदी, रामदेवरा आणि पोखरण असा जातो. बिकानेरमध्ये खाऊनच निघा, कारण नाश्त्याच्या बाबतीत या रस्त्यावरचं सगळ्यात श्रीमंत गाव तेच. पुढे फलोदीपर्यंतचा टप्पा मोठा आणि मोकळा आहे. रामदेवऱ्याला बाबा रामदेवांचं मंदिर असल्याने वर्षभर यात्रेकरू असतात, त्यामुळे खाण्याची दुकानं चालू मिळतात. भाद्रपदातल्या जत्रेच्या दिवसांत तर पायी येणाऱ्या ‘जातरूं’साठी रस्त्याच्या कडेला चहा-नाश्त्याचे मोफत मांडव लागतात. त्या दिवसांत गाडी मात्र सावकाश चालवा.

जैसलमेर ते तनोट, सुमारे १२० किलोमीटर. इथे चूक सगळ्यात महाग पडते. अर्ध्या वाटेवरचं रामगढ हे नाश्त्याची खात्री देता येईल असं शेवटचं मोठं गाव. त्यापुढे तनोट आणि लोंगेवालाच्या बाजूला रस्ता सुंदर, पण वस्ती जवळजवळ नाही. तनोट मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं आणि तिथे चहा-फराळ मिळतो, पण त्या भरवशावर लहान मुलांना उपाशी नेऊ नका. जैसलमेरला किंवा रामगढला खा आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्या.

पाणी, पैसे आणि नेटवर्क

पाणी माणशी निदान तीन लिटर गाडीत असू द्या, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बाटली घेताना सील बघा. टपरीवरच्या माठातलं पाणी प्रेमाने दिलं जातं. ते नको असेल तर “अभी चाय ही लूंगा सा” म्हटलं की कुणाचं मन दुखत नाही. चहाचं पाणी उकळलेलं असतं.

मोबाइलचं नेटवर्क वाटेत जातं आणि सीमेकडे तर बराच वेळ नसतं. त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करा आणि दहा, वीस, पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. क्यूआर कोड भिंतीवर लावलेला असतो, पण रेंजच नसेल तर त्याचा उपयोग काय? ऑनलाइन रेटिंगवरही इथे फार विसंबू नका. गावातल्या सगळ्यात चालणाऱ्या कढईची नोंद नकाशावर नसू शकते, आणि चार पर्यटकांनी पाच तारे दिलेला ढाबा हंगाम संपल्यावर बंद असू शकतो.

टपरीजवळ स्वच्छतागृह बहुतेक नसतं. म्हणून पेट्रोल भरणं आणि नाश्ता यांची सांगड घाला. पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा मोफत मिळणं अपेक्षित आहे. हात धुवायला तिथे पाणी नसेल तर साबणाची छोटी वडी आणि आपली बाटली पुरते.

चालकाने किती खावं?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. सरळसोट रस्ता, एकसारखा देखावा, उबदार ऊन आणि पोटात तीन कचोऱ्या हे झोपेचं आमंत्रण आहे. गाडी चालवणाऱ्याने एक तळलेला पदार्थ, थोडे पोहे किंवा केळं आणि चहा एवढ्यावर थांबावं. दर दोन तासांनी पाय मोकळे करावेत. डोळे जड झाले तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून भागत नाही. गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं झोपणं हाच उपाय.

तरीही पोट बिघडलं तर?

ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. घोट घोट प्यायचं. सतत उलट्या, रक्त पडणं, चक्कर, लघवी बंद होणं किंवा लहान मूल मलूल पडणं यांपैकी काहीही दिसलं तर सहल थांबवा आणि जवळच्या मोठ्या गावातलं रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आणि कुठल्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक आधीच फोनमध्ये ठेवा. पाहिजे तेव्हा इंटरनेट असेलच असं नाही.

थारमध्ये चांगला नाश्ता दुर्मीळ नाही. तो ठरावीक वेळी, ठरावीक जागी मिळतो, इतकंच. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला किंवा पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला एक प्रश्न विचारून ठेवा, “सुबह आप लोग खुद कहाँ खाते हो?” उत्तरात जी टपरी येईल तिला कदाचित पाटीही नसेल. पण सकाळी आठ वाजता तिथे पोहोचा, पहिल्या-दुसऱ्या घाण्यातला बडा कागदावर घ्या आणि मगच पुढच्या शंभर किलोमीटरच्या वाळूकडे गाडी वळवा.